दादाचा पुकाऱ्या

३ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा रूपालीशी भांडण. म्हणजे मीच भांडलो, ती चहा पीत होती.

तिची एकांकिका बसतेय. स्पर्धा जानेवारीत. विषय — वेड! कॉलेजातल्या पोरांना हाच विषय का सुचतो, देव जाणे. तालमीत तिचा नट समाधान वेडा झाला होता. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं खालीवर, मध्येच गडगडून हसायचं आणि मग एकदम कोपऱ्याकडे बघून गप्प. मी म्हणालो, असं कोणी नसतं. रूपाली म्हणाली, मग कसं असतं? सांग ना.

घरचं सांगितलं नाही. एवढं अजून कळतं मला.

मागच्या गॅदरिंगला असाच एक वेडा होता नाटकात. तोंडातून लाळ काढून दाखवत होता आणि पब्लिक हसून मरत होतं. मी स्टेजवर चढून त्याच्या कानाखाली वाजवली. मग प्राचार्यांची केबिन, तिथं हात जोडून उभे माझे वडील, नाना; मग माफीनामा. तो मी लिहिला नाही. एस.वाय. तिथंच संपलं. रूपाली म्हणते, तेव्हा तिनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं. 'एवढं टायमिंग आमच्या एकाही नटाकडे नाहीये.' हे ऐकून मी आठवडाभर हवेत होतो. गाढव.

५ डिसेंबर, गुरुवार

शेवंतीची तोडणी. बोटं गारठली. मखमलाबादची थंडी पुस्तकात कोणी लिहीत नाही, त्यांना फक्त निफाड माहीत.

दादा आज फार सावकाश तोडत होता. एक फूल तोडायचा आणि थांबायचा. मी ओरडलो — अरे हल की, बाजार काय तुझी वाट बघणारे? आई मधे पडली. 'जीवनला बोलू नको रे. त्याला कमी बोलणारं कुणी हाय का आधीच.' बरोबर आहे. पण फुलं तर पोचवायची असतात ना गणेशवाडीच्या फुलबाजारात.

नंतर वाईट वाटलं. गाडीवर क्रेट बांधताना त्याला विचारलं, आज जास्त आहे का? म्हणाला, 'सकाळपासून लिलाव चालू हाय.'

त्याच्या कानात जो बोलतो, त्याचं नाव त्यानंच ठेवलंय — पुकाऱ्या. मार्केट यार्डात भाजीच्या ढिगाशी उभा राहून लिलाव पुकारतात ना, तसा. डॉक्टर मॅडम भास म्हणतात. आई बाहेरचं म्हणते. वणीची सुमनआत्या म्हणते, देवीचं वारं आहे, तुम्हाला ओळखता येत नाही. दादा म्हणतो, पुकाऱ्या. हे नाव त्यानं फक्त मला सांगितलंय. मॅडमनासुद्धा नाही. 'हसतील त्या.'

तो काही भयंकर बोलत नाही. 'हा उठला. हा बघा, चप्पल शोधतो. सापडंना त्याला. घ्या हो, घेतं का कुणी? कुणीच नाही? फिरवा मागं.' दिवसभर हेच. दादाला मी एकदा विचारलं होतं, एवढंच? तर म्हणाला, तू एक दिवस ऐकून दाखव.

८ डिसेंबर, रविवार

रूपालीच्या मैत्रिणीकडे सगळे मिळून सिनेमे पाहिले. अभ्यास म्हणे! लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. पहिल्या सिनेमाचं अर्धं मला काहीच कळलं नाही.

पण जे कळलं ते लिहितो. सिनेमात भास झाला की माणूस दिसतो. अख्खा माणूस, कपडे इस्त्रीचे. हिरोचा जिवलग मित्र. आणि मध्यंतराला कळतं की तो मित्र नाहीच! मग सगळे आ वासतात. मग हिरॉईन रडते, मिठी मारते, हिरो बरा होतो. गोळ्या कोणी घेत नाही. घेतल्या तर फेकून देतो आणि त्या फेकण्याला पार्श्वसंगीत असतं.

रूपाली म्हणाली, पुस्तकात बरं असतं. पुस्तकातला वेडा शहाण्यांपेक्षा खरं बोलतो. मी म्हणालो, आमचा दादा आज दिवसभरात एकच वाक्य बोलला. ठिबकची नळी तुंबलीय.

सगळे हसले. रूपाली हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

दादा असं म्हणून गेलो मी. तोपर्यंत तिला माहीत नव्हतं.

९ डिसेंबर

तिचा मेसेज. 'तू मला सांगू शकतोस.' एवढाच. दिवसभरात कितीदा वाचला असेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

सोमेश्वरला गेलो होतो. नदीकडच्या पायऱ्यांवर बसलो. तिनं माझा हात धरला होता — तिनं, मी नाही. कसं सुरू झालं विचारत होती. घाईनं नाही, नीट विचारत होती. घरात गेल्या तीन वर्षांत मला कोणी असं विचारलेलं नाही. घरात एकच प्रश्न असतो, जीवननं गोळी घेतली का.

मी सगळं सांगितलं. पहिल्या वेळेस दादा मार्केट यार्डातून पळत घरी आला होता ते. नानांनी दुधात गोळी विरघळवून दिली ते. दादाला चव लागली, त्यानं विचारलं, दुधात काय हाय? नाना म्हणाले, काय नाय. त्यानंतर दादा घरचं अन्न खाईना. झाडावरचे पेरू आणि दुकानातला बंद पुडा, बस. हाडं दिसायला लागली होती. तेव्हा मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, कधीच. तेव्हापासून गोळी माझ्या हातची घेतो. दुसऱ्या कुणाच्या नाही.

आणि 'आहे का?' सांगितलं. ही सवय मॅडमनी लावून दिलीय. काही ऐकू आलं आणि शंका आली की दादा मला विचारतो — आहे का? मी आहे म्हणालो की आहे. नाही म्हणालो की नाही. त्यावर तो चालतो. दारावर कोणी आलंय, आहे का? आहे, दूधवाला. नाना मला शिव्या देतायत, आहे का? नाही, नाना झोपलेत. एवढ्यावर तो परत शेतात यायला लागला, बाजारात यायला लागला.

पुकाऱ्यासुद्धा सांगितला. नाव, बोलणं, सगळं.

ती म्हणाली, 'किती एकटा आहेस रे तू.'

मला रडू आलं. साला.

१३ डिसेंबर

खूश आहे आज. उगाच गात होतो. दादानं विचारलं, आहे का? आई म्हणाली, हाय बाबा, हर्षलच रेकतोय.

१८ डिसेंबर, बुधवार

तिनं संहिता वाचायला दिली. अशोकस्तंभाजवळच्या टपरीवर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात —

पुकाऱ्या.

आत तर सगळंच. 'हा बघा, चप्पल शोधतो.' 'फिरवा मागं.' एक शब्द बदललेला नाही. हात धरला होता तेव्हा दुसऱ्या हातानं लिहून घेत होती की काय!

मी म्हणालो, हे काढ. ती म्हणाली, वाच तरी. मी म्हणालो, नाव तरी काढ. ते आमच्या घरातलं आहे. घरातल्यांनासुद्धा माहीत नाही. ती म्हणाली, 'हर्षल, समाधानचा तो केस विस्कटलेला वेडा मी फेकून दिला. तुझ्यामुळे. पहिल्यांदा कोणीतरी स्टेजवर खरं दाखवणार आहे. लोक बघतील आणि गप्प होतील. तुला हेच हवं होतं ना? म्हणून तर मारलंस ना त्याला?'

मी हेल्मेट आपटलं. काच तडकली.

ती म्हणाली, झालं? आता चहाचं कोण देणार?

घरी येताना वाटलं, बरोबर आहे तिचं. मग वाटलं, तिचं बरोबर वाटावं म्हणून वाटतंय मला. कंटाळा आला स्वतःचा.

२१ डिसेंबर

तालमीला गेलो. जायचं नाही असं ठरवून गेलो. समाधान विंगेत बसून माईकवर पुकाऱ्याचा आवाज काढतो. चांगला काढतो, हरामखोर. रूपालीनं मला विचारलं, वेग बरोबर आहे का? मी म्हणालो, थोडा सावकाश.

वेगसुद्धा मीच दिला. लिहून ठेवतो.

२६ डिसेंबर, गुरुवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सकाळी हार घेऊन गावात निघालो. दादा मागे बसला होता, मांडीवर टोपली. अशोकस्तंभाच्या सिग्नलला थांबलो. भिंतीवर पोस्टर. पिवळ्यावर काळी अक्षरं. मला आधी दिसलं. मी मान खाली घातली, हँडल बघत बसलो.

मागून दादा म्हणाला, 'हर्षल. तिथं पुकाऱ्या लिहिलंय. आहे का?'

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

मी म्हणालो, नाही.

'मोठं हाय. पिवळं.'

'नाहीये, दादा. भास असेल.'

रविवार कारंजा गेला, पूल ओलांडला. गणेशवाडीत टोपली उतरवली. म्हणाला, 'इतके दिवस नुसता बोलायचा. आता लिहायला लागला.'

२७ डिसेंबर

आहे म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कुणी सांगितलं. म्हणून नाही म्हणालो. दुसरं काही कारण नाही. त्याच्यासाठी वगैरे काही नाही.

२९ डिसेंबर, रविवार

दादानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं ठेवलं. आईनं विचारलं, काय केलंस? म्हणाला, अक्षरं नको. बाजारात जाताना डोळे मिटून बसतो मागे. दुकानांच्या पाट्या बघायच्या नाहीत म्हणून. वळणावर तोल जातो त्याचा.

आई सुमनआत्याशी फोनवर बोलत होती. वणीला न्यायचं म्हणतायत. नाना म्हणाले, ने बाई, कुठंबी ने.

मी सगळ्यांवर ओरडलो. कशावर ओरडलो तेही आठवत नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

ओपीडी. सरत्या वर्षाची गर्दी. बाकावर नेहमीचीच माणसं. एक म्हातारी पदराच्या गाठीशी बोलत होती, तिची सून मोबाईल बघत होती. इथं कोणाचे केस विस्कटलेले नसतात. घरची माणसं तेल लावून, भांग पाडून आणतात. आपली माणसं नीट दिसावीत म्हणून. सिनेमावाल्यांनी एकदा येऊन बसावं इथं, नुसतं बसावं. पण काही घडतच नाही इथं. नंबर लागतो आणि गोळ्या मिळतात.

दादानं मॅडमना सगळं नीट सांगितलं. शहाण्या मुलासारखं. 'मॅडम, आता दिसाया पण लागलं. भिंतीवर लिहिलेलं दिसलं. मी हर्षलला विचारलं. तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. तो म्हणला, नाही.' नाव मात्र त्यानं सांगितलं नाही. तेवढं राखून ठेवलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं का तिथं?

मी म्हणालो, नाही.

दुसऱ्यांदा.

त्यांनी गोळी वाढवली.

१ जानेवारी

दादा झोपलेला. रूपालीचा मेसेज, नवीन वर्षाच्या शुभेच्छा आणि एक फुल्ल पिवळं पोस्टर. उत्तर दिलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

वाढवलेल्या गोळीनं दादाची जीभ जड झालीय. जेवताना घास तोंडातच राहतो. उशीवर लाळ. त्या गॅदरिंगच्या पोरानं काढली होती तशीच. आज हे दिसलं आणि कोणाला मारावं कळेना.

हार ओवता येत नाही त्याला. दोरा सुईत जाईना, आई ओवून देते. तो म्हणतो, थांब गं, येईल मला.

आणि मला अजून विचारतो. कुत्रं भुंकतंय, आहे का? आहे. आईनं हाक मारली, आहे का? आहे. मी आहे म्हणतो आणि तो मान हलवतो. अजून विश्वास आहे त्याचा. हे सगळ्यात वाईट.

५ जानेवारी, रविवार

रूपालीकडे गेलो. हात जोडले. नाव बदल म्हणालो. काय झालं ते सांगितलं.

ती म्हणाली, 'माझी चूक आहे. विचारायला हवं होतं. पण खोटं तू बोललास, हर्षल. आहे म्हणायला काय झालं होतं तुला?'

मी तिच्या गाडीला लाथ मारली. ती म्हणाली, मारून झाल्या की सांग.

मग म्हणाली, नाव अजून बदलता येईल, सोमवारी यादी जाते. पण भिंतीवरचं काय करशील? सगळी पोस्टरं फाडून येशील रात्रीतून? मग तर त्याला कायमचंच वाटेल की नव्हतं.

हे माझ्या डोक्यात आलं होतं. फाडायचं. खरंच आलं होतं. तिला कसं कळलं?

तिच्यावर प्रेम आहे म्हणून आलो नव्हतो आज. पहिल्यांदाच. दमलो होतो म्हणून आलो होतो. नावाचं तसंच राहिलं.

७ जानेवारी, मंगळवार

दादाला घेऊन गेलो अशोकस्तंभाला. तो डोळे उघडेना. मी गाडी लावली, त्याचा हात धरला, भिंतीशी नेलं. म्हणालो, उघड. नको म्हणाला. 'उघड, दादा. मी आहे इथं.'

उघडले. पोस्टरच्या अर्ध्या भागावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. 'पुका' एवढंच उरलं होतं.

मी त्याची बोटं त्यावर ठेवली. म्हणालो, आहे.

तो बघत राहिला. नखानं कोपरा उचकटून बघितला, कागद आहे का म्हणून.

'आणि तवा?'

'तेव्हापण होतं. मी खोटं बोललो.'

मग सगळं सांगितलं. रूपाली, नाटक, सोमेश्वर. तिथंच, रस्त्यावर. रिक्षावाले बघत होते. मला वाटलं तो मला मारेल. मारायला हवं होतं.

'मॅडमसमोरबी?' एवढंच विचारलं.

मी मान डोलावली.

'बरं,' म्हणाला. जाऊन गाडीवर बसला. येताना डोळे उघडे होते त्याचे, पाठीला जाणवत होतं. सगळ्या पाट्या वाचत येत होता.

संध्याकाळी गोळी घेऊन गेलो. माझ्या हातातून घेतली नाही. 'तिथं ठेव.'

८ जानेवारी

गोळी तिथंच होती.

९ जानेवारी, गुरुवार

आजचीही. आईला सांगितलं नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, काय केलंस रे तू त्याला? सांगितलं. ती खाली बसली. रागावली नाही, नुसती बसून राहिली. त्यापेक्षा रागवायचं.

एकट्यानं जाऊन मॅडमना खरं सांगून आलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, गोळी पहिल्यासारखी करू. पण त्याला ती द्यायला तुला आता परत शिकावं लागेल. घाई करू नकोस. आणि त्यानं काही मागितलं तर देता येईल ते दे.

परत शिकायचं म्हणजे कुठून?

१० जानेवारी, शुक्रवार

दादा आज मला काहीच विचारत नाही. आहे का, नाही का — काहीच नाही. अंगणात कोणीतरी आल्यासारखा उठला, दारापर्यंत गेला, बघितलं, कोणी नव्हतं, परत आला. स्वतःच खात्री करतो. दिवसभर उठबस. गोळी नाही, झोप नाही. मी समोर बसलेला, तरी विचारलं नाही.

संध्याकाळी मात्र म्हणाला, 'मला ते बघायचंय.'

'काय?'

'नाटक.'

१२ जानेवारी, रविवार

शालिमारजवळच्या हॉलला प्राथमिक फेरी. रूपालीनं दाराजवळच्या खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. कधीही उठून जाता यावं म्हणून. दादानं नवीन शर्ट घातला होता. आईनं तेल लावून भांग पाडून दिला होता. ओपीडीला जाताना पाडते तसाच.

अंधार झाला. एक पोरगा स्टेजवर बसून चप्पल शोधायला लागला. आणि चारी स्पीकरमधून — 'हा उठला. हा बघा, चप्पल शोधतो. सापडंना त्याला.'

म्हटलं, संपलं. आता हा म्हणणार, बघ, बाहेरच आहे, सगळ्यांना ऐकू येतंय. आता हा उठणार. मी त्याच्या मनगटाशी हात नेला, पण धरला नाही.

'घ्या हो, घेतं का कुणी?'

लोक हसले. दादानं वळून लोकांकडे बघितलं. एकेकाकडे. परत स्टेजकडे. पुढच्या 'फिरवा मागं'ला लोक हसले नाहीत. रूपाली म्हणाली होती तसे गप्प झाले. तेव्हा दादा हसला. एकटाच. हळू.

संपल्यावर रूपाली आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वाकून नमस्कारच केला तिनं. म्हणाली, दादा, न विचारता घेतलं मी. काही चुकलं का?

दादानं थोडा विचार केला. 'पोरगा ग्वाड बोलला. पण आवाज तो नाय.'

'मग कसा असतो?'

दादानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, 'जाऊ द्या ताई. लोकांना आवडलं.'

निघताना रूपाली हळूच म्हणाली, उद्या भेटशील? मी बघतो म्हणालो. ज्या शब्दासाठी महिनाभर मरत होतो तो आला, आणि मी बघतो म्हणालो. झोप येत होती मला. नुसती झोप.

गाडीवर मी दादाला विचारलं, कसा असतो मग आवाज? वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. आईनं मिसळीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या. दादा जेवला. गोळी 'तिथं ठेव'.

नाना मला म्हणाले, कॉलेजला परत जातो का? म्हटलं, आता नको. नाना म्हणाले, जाशील तवा जा, पण घरात जरा हळू बोलत जा. मी म्हणालो, मी काय ओरडतो का? ओरडूनच म्हणालो.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी गोळी घेऊन वाफ्यात गेलो. दादा पाठमोरा तोडत होता. हाक मारली. वळला नाही. परत मारली. वळला नाही. तिसऱ्यांदा ओरडलो. तेव्हा त्यानं मान खाली घातली, मार चुकवताना घालतात तशी. मग मी वाफा ओलांडून पुढे गेलो. मला बघून म्हणाला, 'तू होय.'

म्हणाला, 'पुकाऱ्याचा आवाज तुझा हाय. पयल्या दिवसापासनं. तू चिडतो ना, तसा. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय.'

मी विचारलं, मग आहे का, नाही का, हे मलाच का विचारायचास?

'तू खरा बोलाया लागला की तो गप बसतो. एकच माणूस दोन ठिकाणनं कसा बोलंल?'

खिशातून तिळगूळ काढला. माझ्या तळहातावरची गोळी उचलून तोंडात टाकली, तिच्या जागी तिळगूळ ठेवला. ओट्यावरून आई ओरडली, गोड बोला रे दोघं.

दादा म्हणाला, 'गोड नको. समोर येऊन बोल.'